दादांनी न गाळलेलं नाव

माझे सासरे मोरेश्वर घरत, म्हणजे आमचे दादा, यांना यंदा शहाऐंशीवं लागलं. तरी सकाळचा चहा झाला की पायजमा-सदरा चढवून ते रिक्षाने रेवदंड्याच्या नाक्यावर जातात आणि आमच्या छापखान्यात खुर्ची टाकून बसतात. काम काही नसतं. माझा नवरा परेश आता कॉम्प्युटरवर सगळं जुळवतो, फ्लेक्सचे फोटो लावतो, आणि दादा छापून निघालेला प्रत्येक कागद उचलून नाकाला लावून वाचतात. परेशला त्याचा वैताग येतो. मला येत नाही. मी या माणसावर एकदा इतकी चिडले होते की माझा जन्माचा कोटा तेव्हाच संपला.

गावात नव्या सुना आल्या आहेत. त्यांना दादा म्हणजे नाक्यावरचे कमी ऐकू येणारे आजोबा वाटतात. त्यांना कळावं म्हणून हे लिहिते आहे. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. गाव आता पुष्कळ बदललंय आणि झाकली मूठ सव्वा लाखाची.

दादांचे वडील मिठागरात राबायचे. खाऱ्या पाण्याने पायांना पडलेल्या भेगा त्यांच्या कधीच भरल्या नाहीत. आपला मोरू चिखलात उतरू नये म्हणून त्यांनी त्याला अलिबागच्या एका छापखान्यात झाडलोटीला ठेवलं. झाडता झाडता मोरू खिळे जुळवायला शिकला. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. ती एकेक उचलून उलटी ओळ लावायची, मग कागदावर ती सुलट उमटते. दादांना त्या उलट्या वाचनाची अशी सवय लागली की म्हणे नव्या नवरीच्या हातावरचं गोंदण त्यांनी समोर बसून घडाघडा वाचलं होतं. ही नवरी म्हणजे माझ्या सासूबाई, सत्यवती.

लग्नानंतर दादांनी मुंबईतून एक जुनं पायाने चालवायचं छपाईयंत्र घेतलं. रस्त्याने आणणं परवडेना, म्हणून ते मचव्यातून आलं आणि भरतीच्या पाण्याबरोबर रेवदंड्याच्या खाडीत शिरलं. उतरवून घ्यायला कोळीवाड्यातली माणसं आली. मासळीची टोपली उचलावी तसं ते धूड त्यांनी खांद्यावर घेतलं, आणि मोबदल्यात होळीच्या पालखीची पत्रकं जन्मभर फुकट छापून द्यायची असं ठरलं. दादांनी तो शब्द आजतागायत पाळलाय.

छापखान्यांना त्या काळी देवांची नावं असत. दादांनी पाटी लावली 'सत्यवती प्रेस'. देवाने काय पाप केलं होतं, असं त्यांच्या वडिलांनी विचारलं. गावाला तर वर्षभर विषय पुरला. मोरू बायकोच्या नावाखाली बसतो, घरी काय करत असेल, वगैरे. सासूबाईंनी त्यावर उत्तर काढलं ते असं, की स्वयंपाक आटोपून त्या स्वतःच छापखान्यात येऊन खिळे जुळवू लागल्या. चार मुलं त्या दोघांनी त्या यंत्राच्या खडखडाटात वाढवली. परेश म्हणतो, यंत्र थांबलं की त्याला जाग यायची.

आता मुख्य गोष्टीकडे येते, पण त्याआधी आमच्याकडची लग्नपत्रिका समजून घ्यायला हवी. आम्ही आगरी. आमच्यात लग्न एका घराचं नसतं, भावकीचं असतं. भावकी म्हणजे एका आडनावाची, एका मूळ पुरुषाची सगळी घरं. पत्रिकेत त्या सगळ्या घरांच्या कर्त्यांची नावं मानाने, वयाने, पायरीपायरीने येतात. ज्याचं नाव छापलं त्याच्या घरचं ते लग्न. त्याने सकाळपासून मांडवाच्या तोंडाशी उभं राहायचं आणि आल्यागेल्याला हात जोडायचे. वरचं नाव खाली गेलं म्हणून सख्ख्या भावांनी वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरचं पाणी प्यायलेलं नाही, अशी उदाहरणं आमच्याकडे पायलीची पन्नास मिळतील.

म्हणून दादांची रीत अशी की, पत्रिका जुळवली की पहिली प्रत घेऊन लग्नघरी जायचं, पडवीत बसायचं आणि वरच्या देवांपासून खालच्या मांडवाच्या जागेपर्यंत सगळी मोठ्याने वाचून दाखवायची. घर हो म्हणालं की मगच छपाई. आसपासच्या गावांतल्या घराघराच्या तीन-तीन पिढ्या त्या वाचनाने त्यांच्या तोंडी बसल्या आहेत. माणूस गेला तरी त्याचं नाव ते काढत नाहीत, नावाआधी 'कै.' लावतात आणि ओळ तिथेच ठेवतात. चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. माझ्या पुतण्याच्या लग्नपत्रिकेत त्यांच्या नावाआधीचं ते 'कै.' दादांनी परेशला लावू दिलं नाही. जुना खिळ्यांचा खण उघडून स्वतः लावलं. मी तेव्हा बाहेर जाऊन उभी राहिले.

गोष्ट त्याच्याही आधीची, बारा-तेरा वर्षांपूर्वीची. सासूबाई होत्या. आमच्या भावकीतल्या येसाजी घरतांची सून ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभी राहिली. आमच्याकडे तेव्हा उमेदवार गावकी ठरवायची. गावकी म्हणजे देवळात बसणारी गावातली वडीलधारी पुरुषमंडळी. त्यांनी ठरवलेल्या माणसासमोर कोणी उभं राहायचं नाही. ही पोरगी राहिली, आणि वर निवडूनही आली. गावकीने येसाजींचं घर वाळीत टाकलं.

वाळीत म्हणजे काय ते आताच्या मुलांना ठाऊक नाही आणि न कळो. आता त्याविरुद्ध कायदा आहे, तेव्हा नव्हता. त्या घराशी बोलायचं नाही. दुकानदाराने त्यांना काडेपेटी द्यायची नाही. येसाजींची बायको विहिरीवर आली की बाकीच्या बायका कळश्या उचलून निघायच्या. मीही उचलली आहे. दंडाची भीती होती, आणि भीतीपेक्षाही, सगळ्या उचलतात तर आपण एकटीने काय उभं राहायचं, असं वाटायचं.

गावकीचा मुख्य होता बाबाजी घरत, दादांचा चुलतभाऊ, आमच्या समोरच्याच घरातला. तो वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगते. परेशला लहानपणी विंचू चावला तेव्हा त्याला पाठीवर टाकून रेवदंड्याला पळाला होता तो बाबाजीच. पण गावकीचा शब्द म्हणजे देवाचा कौल अशी त्याची समजूत, आणि समजूत घालणारा कोणी नाही.

त्यानंतर गावात पहिलं लग्न निघालं तेव्हा पत्रिकेतून येसाजीचं नाव काढायला दादांना सांगण्यात आलं. दादांनी मजकुराचा कागद परत केला. पत्रिका अलिबागला छापली गेली. पुढची पण, आणि त्याच्या पुढचीही. गावचं काम बंद झालं, पण दादा वयाने मोठे म्हणून गावकीने एवढ्यावरच सोडलं. मग माझ्या मृणालीचं लग्न ठरलं.

मृणाली माझी एकुलती एक. नवरा मुलगा निकेत उरणकडचा. वडिलांचे ट्रेलर न्हावा शेव्याच्या बंदरात चालतात. खटलं मोठं आणि मानापानाला कडक. साखरपुडा झाला तेव्हाच त्याच्या आईने विचारलं होतं, तुमची भावकी केवढी? मी छाती फुगवून सांगितलं होतं, मांडवात मावणार नाही एवढी.

बाबाजी एका सकाळी येऊन आमच्या ओट्यावर बसला. आवाज चढवला नाही, उलट मऊच बोलला. येसाजीचं तेवढं नाव काढ, सगळा गाव तुझ्या नातीच्या मांडवात उभा करतो, म्हणाला. आणि ठेवलं तर, असं दादांनी विचारलं.

"त एक बी मानूस येनार न्हाय," बाबाजी म्हणाला. "धवलारीन बी न्हाय."

धवलारीण म्हणजे आमच्या लग्नात धवले गाणारी बाई. ती गाण्यातून आधी देवांना, मग पितरांना मांडवात बोलावते. तिने पहिला धवला लावल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. आमच्या आळीची धवलारीण सोनूबाई. माझ्या वेळी तिनेच गायलं होतं.

बाबाजी उठून गेला आणि मी फुटले. सासऱ्यांपुढे पदर सावरून बोलणारी मी, त्या दिवशी तोंडाला येईल ते बोलले. नाव तर एकच काढायचं आहे. उद्या वऱ्हाड रिकाम्या मांडवात आलं तर उरणची माणसं काय म्हणतील? भावकीने टाकलेल्या घरातली सून कोण करेल? तुम्हाला जवळचं कोण, तुमची नात की येसाजी? दादा ऐकत होते. शेवटी म्हणाले, दमलीस, पाणी पी. मी आणखी भडकले.

मग मी सासूबाईंना गाठलं. म्हटलं, तुमचं ऐकतील. त्या म्हणाल्या, मी बोलून पाहिलंय, ते ऐकत नाहीत. आणि वर म्हणाल्या, ते ऐकत नाहीत याचं मला बरं वाटतंय, पण हे त्यांना सांगू नकोस, डोक्यावर बसतील. परेश तर बापापुढे तोंड उघडणाऱ्यांतला नव्हेच. मला त्या घरात एकटं पडल्यासारखं झालं.

शेवटचा आधार येसाजीच ठरेल असं वाटलं. गावात बोलायची सोय नव्हती, म्हणून तो रेवदंड्याला छापखान्यात आला. मी तिथेच पाकिटांना गोंद लावत होते. त्याने हात जोडले आणि माझं नाव काढ म्हणाला. माझ्यापायी पोरीच्या लग्नाला दृष्ट लागायला नको. मला त्या क्षणी तो देवमाणूस वाटला.

दादांनी हातातला खिळा खाली ठेवला. "मेलेल्याला बी मी काढत न्हाय, येसाजी. त्याच्या म्होरं कै. लावतो, बास. तू त जिता हायस. जित्याला कसा काढू?"

येसाजी तिथेच खाली बसला आणि रडला. मला रडू आलं नाही. माझ्या पोरीचं लग्न माझ्या डोळ्यांदेखत बुडत होतं.

पत्रिका दादांनी जुन्या यंत्रावर, स्वतः खिळे जुळवून छापली. सगळ्यात वर बाबाजी, कारण भावकीत तो वयाने पहिला. दुसरे दादा. तिसरा येसाजी. मग बाकीची सगळी घरं, एकही न गाळता. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं काम माझं. मी लावलं, पण नाक ओढत.

मग आवतण द्यायला निघायचं होतं. सत्तरी उलटलेल्या म्हाताऱ्याला एकटं कसं सोडायचं म्हणून अक्षतांची पितळी घेऊन मी मागून गेले. आम्ही आळीत शिरलो तशी दारं लागायला लागली. पुढच्या घरची कडी वाजली, मग त्याच्या पुढच्या. आतून माणसांची चाहूल येत होती, कोणाच्या कुकरला शिट्टी फुटत होती, आणि दार बंद. मला वाटलं, दादा पत्रिका ओट्यावर ठेवतील आणि पुढे जातील.

त्यांनी चपला काढल्या. बंद दारापुढे उभे राहिले आणि पत्रिका उघडून वाचू लागले. मोठ्याने, घरोघर पडवीत बसून वाचायचे तशीच. वरचे देव, नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, मुहूर्त, मग भावकी. बाबाजी घरत, मोरेश्वर घरत, येसाजी घरत, करत करत शेवटच्या नावापर्यंत. ज्या घरासमोर उभे होते त्या घराचं नाव आलं की जरा थांबायचे, आणि मग पुढे. वाचून झालं की अक्षता ठेवून हात जोडायचे, दाराला.

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. मला आधी लाज वाटली. कोणी खिडकीआडून हसत असेल या विचाराने मान वर होईना. म्हटलं, दादा, नुसती ठेवू या ना. ते म्हणाले, वाचल्याशिवाय आवतण कसं होईल? सोनूबाईच्या दारापुढेही वाचलं. बाबाजीच्या दारापुढे तर त्याचंच नाव पहिलं. ते त्यांनी इतक्या आदराने घेतलं की मला काही कळेनासं झालं. त्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. आळी संपली तेव्हा त्यांचा घसा पार बसला होता आणि माझा राग कुठे गळून पडला होता, मला आठवत नाही. त्याची जागा भीतीसारख्या काहीशाने घेतली होती. देवळात गाभाऱ्याशी गेल्यावर वाटते तशी.

हळदीच्या दिवशी मांडव बांधला तो परेशने, माझ्या भावांनी आणि येसाजीच्या घरच्यांनी. गावातून कोणी आलं नाही. दुपार कलताना उरणहून गाडी आली. नवऱ्याची उष्टी हळद घेऊन निकेतची आई आणि त्यांच्याकडच्या बायका उतरल्या. मांडवाच्या तोंडाशी दादा आणि येसाजी, दोघेच हात जोडून उभे. आत मोजकी माणसं, पाटावर मृणाली, खाली मान घालून. एवढ्या मोठ्या मांडवात खुर्च्याच खुर्च्या.

निकेतच्या आईने सगळीकडे नजर फिरवली आणि मला विचारलं, गाव कुठे आहे? धवलारीण कुठे आहे? त्यांच्यातली एक बाई हळूच म्हणाली, आधी फोन करून विचारा घरी, मगच हळद उतरवा. कोणीतरी खरंच फोन काढला. मृणालीने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही.

तेवढ्यात आवाज आला.

पहिल्यांदा वाटलं कुठे रेडिओ लागलाय. मग सूर ओळखीचा वाटला. सोनूबाई. ती आमच्याकडे आली नव्हती. चार घरं पलीकडे आपल्या घरात बसून धवला लावला होता तिने. गावकीचा ठराव होता की लग्नघरात पाऊल टाकायचं नाही. आपल्या घरात बसून गाऊ नये, असं काही ठरलं नव्हतं. म्हातारीचा आवाज चिरका, पण मांडवात अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. देवांना बोलावून झालं. मग ती पितरांकडे वळली आणि भावकीची नावं घेऊ लागली.

दुसरं कडवं तिच्या शेजारच्या घराने उचललं. मग समोरच्या. मागच्या परसातून कोणी तरुण आवाज लावला, त्यात दोघी-तिघी मिसळल्या. दारं बंदच होती. एकेका बंद घरातून बायकांचा आवाज निघत होता आणि सगळे मिळून आमच्या मांडवावर येत होते. ज्यांनी विहिरीवरून कळश्या उचलल्या होत्या त्याच या. येसाजींची बायको माझा हात धरून उभी होती. असं काही मी त्याआधी ऐकलं नाही, नंतरही नाही.

शेवटी समोरच्या घरातून आवाज आला. बाबाजीची बायको. बाबाजी दार उघडून तरातरा बाहेर आला. आम्हाला वाटलं, आता गप्प करतो सगळ्यांना. तो ओट्यापर्यंत आला, उभा राहिला, आणि मग तिथेच खाली बसला. दार त्याच्या मागे उघडंच राहिलं, आणि त्यातून त्याच्या बायकोचं गाणं आता मोकळं येऊ लागलं.

निकेतच्या आईने पदर डोक्यावर घेतला, पाटाशी गेली आणि मृणालीच्या गालाला हळद लावली. फोन करणारीने फोन पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी लग्नाला पुरुष आले. सगळे नाही, पण बरेच. बाबाजी मांडवाच्या तोंडाशी येसाजीच्या शेजारी उभा राहिला. बोलला नाही, बोलायला आणखी वर्ष गेलं. पण त्याचं नाव पत्रिकेत पहिलं होतं, आणि तो पहिल्या जागी उभा होता.

हळदीच्याच संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर, दादा रिकाम्या खुर्च्या एकात एक घालत होते. मी चहा नेऊन दिला आणि मनात आलं ते विचारलं. म्हटलं, दादा, बायका गातील हे तुम्हाला माहीत होतं. म्हणूनच तुम्ही दारोदार वाचलंत ना?

ते गोंधळले. त्यांच्या चेहऱ्यावर हळदीचं बोट उमटलं होतं.

"न्हाय गो. मना वाटलं, कोनीच येनार न्हाय."

"मग सगळ्यांची नावं कशाला छापलीत?"

"येनार न्हाय म्हून काय परके झाले?" ते म्हणाले, आणि चहाची बशी माझ्या हातात देऊन उरलेल्या खुर्च्या आवरायला लागले.